लॅपटॉप कपाटात ठेवून मी लेकीच्या बाळंतपणाला गेले

राजेहो, आज जरा लांब लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एक आमच्याच सोसायटीतल्या ताई, एक भाच्याचा मित्र आणि एक माझी शाळेतली मैत्रीण. प्रश्न असा : "तू गेली होती ना वो इंग्लंडला? तिथून आपल्या इथल्या कंपनीचं काम करता येते का? वर्क परमिट लागते का?"

प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगितलं. म्हटलं, आता एकदाच लिहून टाकावं. मी वकील नाही. हिशेबाच्या कामात तीस वर्षं घालवलेली बाई आहे. पण या एका प्रश्नापायी माझ्या दोन महिन्यांच्या झोपेचं खोबरं झालं होतं, आणि त्या दोन महिन्यांत जेवढं वाचलं तेवढं कॉलेजातही वाचलं नसेल.

मी नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे पगारपत्रक आणि हिशेब आम्ही इथून करतो. २०२० पासून घरूनच काम. थंडीच्या दिवसांत माझी शिफ्ट संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि पहाटे साडेतीनला संपते. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर कंपनीचा लॅपटॉप, शेजारी थर्मास. यांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, मग सवय झाली.

लेक मँचेस्टरला. तिला दिवस गेल्याचं कळलं आणि तारीख निघाली जानेवारी २०२५ ची. पहिलं बाळंतपण, तेही कडाक्याच्या थंडीत. आईनं जायचं नाही तर कोणी जायचं? पण फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, हे निवृत्त झालेले, आणि माझा पगार म्हणजे घरातला चालता पगार. तीन महिने बिनपगारी बसणं परवडणारं नव्हतं.

जावई हुशार. तो म्हणाला, "आई, लॅपटॉप घेऊनच या. तुमचं काम इथे दुपारी एक ते रात्री दहा होईल. रात्री झोपायला मिळेल." मी हिशेब मांडला तर खरंच! नागपुरात पहाटे साडेतीनपर्यंत जागणारी मी, मँचेस्टरला रात्री दहाला मोकळी. मला तर वाटलं, देवच पावला.

त्यानं मला ब्रिटन सरकारचा नियमही पाठवला. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला आपल्या देशातल्या नोकरीचं काम तिथे बसून करता येतं. अट एवढीच की येण्याचा मुख्य हेतू ते काम नसावा. नातेवाइकांना भेटायला आलात आणि मधल्या वेळात लॅपटॉप उघडला, तर चालतं. तिथल्या कंपनीची नोकरी मात्र करता येत नाही. मी ते तीनदा वाचलं. माझा मुख्य हेतू बाळंतपण. यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

मग मी एक गोष्ट केली, जी माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या मते मूर्खपणा होता. मी कंपनीला विचारलं.

एचआरला सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, अमरावतीची. तिला सगळं सांगितलं, नियमाचा कागद पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, व्हिसाचं तुमचं बरोबर आहे. पण आपल्याला परवानगी देता येत नाही."

मी चिडले. "ब्रिटिश सरकारला चालते आणि तुम्हाला काहून नाही चालत?"

तिनं शांतपणे समजावलं. आमच्या अमेरिकन क्लायंटशी जो करार आहे त्यात लिहिलंय की कामगारांच्या पगाराची माहिती भारताबाहेर कुठूनही उघडायची नाही. मी मँचेस्टरहून लॉगिन केलं तर करार मोडला. सायबर विमाही त्याच अटीवर. शिवाय कराचा प्रश्न : आपला माणूस दुसऱ्या देशात बसून काम करायला लागला की तिथलं कर खातं विचारू शकतं, तुमच्या कंपनीचा इथे धंदा आहे का? याला कायद्यात 'कायमस्वरूपी आस्थापना' म्हणतात. माझ्यासारखी एक बाई तीन महिने बसल्यानं तसं ठरेलच असं नाही, पण छोट्या कंपनीला ते तपासायला वकील लावणंही महाग.

आणि मग ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "ताई, तुम्ही विचारलं म्हणून मला नाही म्हणावं लागतंय. न विचारता जाणारे जातात. सापडेपर्यंत कोणाला कळत नाही."

म्हणजे बघा. खरं बोलणाऱ्याला नकार, आणि लपवणाऱ्याला सापडेपर्यंत मोकळं रान. दोन दिवस मी त्या मुलीवर मनातल्या मनात फणफणत होते. आता नाही. तिनं मला वाचवलं.

कारण तेवढ्यात आमच्या सोसायटीतला तो प्रकार झाला. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत. चार मित्रांबरोबर फुकेतला गेला. त्या वेळी थायलंडला आपल्याला व्हिसाशिवाय जाता येत होतं, त्यामुळे सगळं सोपं वाटलं. शनिवार-रविवार फिरायचं आणि सोमवार-मंगळवार हॉटेलातूनच काम करायचं, म्हणजे रजा वाचते. व्हीपीएन लावलं की कोणाला कळते? सोमवारी सकाळी मध्येच व्हीपीएन तुटलं, लॉगिन थायलंडहून दिसलं, आणि दहा मिनिटांत खातं बंद. परत आल्यावर खुलासा मागितला, मग राजीनामा द्यायला लावला. त्याची आई आमच्याकडे येऊन रडली. म्हणे, "पोरानं चोरी नाही केली, काम तर केलं!"

तिचं म्हणणं मला आईच्या नात्यानं पटतं. पण गोष्ट अशी आहे की मिहानच्या सेझमधल्या कंपन्यांची यंत्रं, लॅपटॉपसुद्धा, सीमाशुल्क न भरता आणलेली असू शकतात. ती गेटबाहेर घरी न्यायलासुद्धा नियम लागतो. २०२२ साली केंद्रानं सेझच्या नियमांत ४३अ हा खास नियम घातला तेव्हा घरून काम करण्याला रीतसर चौकट मिळाली. जो लॅपटॉप मिहानमधून मनीषनगरला नेतानाही कागद लागतो, तो फुकेतच्या समुद्रावर परवानगीशिवाय गेला. आणि व्हिसाशिवाय मिळालेला प्रवेश हा फिरायचा प्रवेश होता, कामाचा नव्हे.

इथेच खरी गोम आहे. आपल्याला वाटतं, कंपनी नागपूरची, पगार नागपूरच्या बँकेत, क्लायंट अमेरिकेचा. मी कुठे बसले याच्याशी कोणाला काय करायचं? पण बहुतेक देशांचा कायदा सर्व्हर कुठे आहे ते आधी बघत नाही. तुमची खुर्ची कुठे आहे ते बघतो. जिथे बसून तुम्ही काम करता, तिथे ते काम झालं.

म्हणून मी आता विचारणाऱ्यांना सांगते, दारं तीन आहेत आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही.

पहिलं दार : त्या देशाचा व्हिसा.

ब्रिटनचं वर सांगितलंच. न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटरला परदेशी कंपनीचं काम दूरून करायला परवानगी दिली; ९० दिवसांपेक्षा जास्त राहून काम केलं तर तिथल्या कराचा विचार करावा लागतो. कॅनडाही व्हिजिटर म्हणून राहताना, सहा महिन्यांपर्यंत, कॅनडाबाहेरच्या कंपनीचं काम करू देतो.

काही देशांनी यासाठी वेगळा व्हिसाच काढला. एस्टोनियानं २०२० मध्ये, मलेशियानं २०२२ मध्ये, स्पेननं २०२३ मध्ये. दुबईवाल्या अमिरातीचा एक वर्षाचा आहे, त्याला महिन्याला किमान ३,५०० डॉलर कमाई दाखवावी लागते, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण खात्यात पाच लाख बाट दाखवा, म्हणजे साधारण चौदा लाख रुपये. आपल्या पोरांना इन्स्टाग्रामवर समुद्रकिनारी लॅपटॉप दिसतो, ते चौदा लाख दिसत नाहीत.

अमेरिकेचं सांगते, कारण आपल्याकडचे सर्वांत जास्त आईबाप तिकडेच बाळंतपणाला जातात. बी-१/बी-२ व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही, एवढं स्वच्छ आहे. भारतातल्या नोकरीचं काम तिथे बसून केलं तर काय, याबद्दल ब्रिटनसारखं सरळ वाक्य तिथल्या नियमांत नाही. अशा ठिकाणी शेवटचा शब्द विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. आणि लग्न करून एच-४ व्हिसावर जाणाऱ्या मुलींनो, तुम्हाला तिथे काम करायचं तर वेगळं परवानापत्र लागतं, ज्याला ईएडी म्हणतात. २०१५ पासून ते काही एच-४ वाल्यांना मिळतं, सगळ्यांना नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला आलेलं असावं लागतं. 'माझी पुण्याची नोकरी आहे, ती इथून करते' असं गृहीत धरून जाऊ नका. आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. लग्नाच्या हॉलपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरं दार : कर.

बहुतेक देशांच्या करारांत १८३ दिवसांच्या आसपासचा निकष असतो. पण फक्त दिवस मोजून भागत नाही. पगार कोण देतं, त्या देशात त्या कंपनीची शाखा आहे का, हेही बघतात. आपल्या सीएला विचारा, पण जाण्याआधी विचारा. आल्यावर विचारलं की तो फक्त कपाळाला हात लावतो.

तिसरं दार : तुमची कंपनी.

हे दार सगळे विसरतात. व्हिसानं मला हो म्हटलं होतं. कंपनीनं नाही म्हटलं. आणि कंपनी चुकीची नव्हती.

आता उलटी बाजूही सांगते, कारण आपण फक्त दुसऱ्यांच्या देशाचे नियम मोजतो. आपल्या देशात परदेशी माणूस पर्यटक व्हिसावर येऊन नोकरी करू शकत नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर साधारणपणे वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. आणि गोव्यात महिनोन् महिने लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या परदेशी पोरांसाठी आपण अजून वेगळा व्हिसाही काढलेला नाही. आपल्या लोकांची जी मुलं परदेशी नागरिक झाली, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर मात्र त्यांना इथे नोकरी करायला वेगळा परवाना लागत नाही; पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण अशा मोजक्या गोष्टींना खास परवानगी लागते. म्हणजे माझी नात उद्या ब्रिटिश पासपोर्ट घेऊन धरमपेठेत बसून काम करू शकेल, पण मी तिच्या घरी बसून करायचं तर तीन दारं.

अजून एक प्रसंग. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-१बी वाल्यांचे सोशल मीडिया खाते तपासायला सुरुवात केली आणि भारतातल्या व्हिसा मुलाखतींच्या तारखा एकाएकी महिनोन् महिने पुढे ढकलल्या. आमच्या ओळखीतला एक मुलगा बहिणीच्या लग्नाला म्हणून तीन आठवड्यांसाठी आला होता. लग्न झालं, बहीण सासरी गेली, हा मात्र इथेच. नोकरी अमेरिकेत, भाड्याचं घर तिथे, गाडी तिथे, आणि हा इथे आईच्या हातची भाकरी खातोय आणि रात्रभर जागतोय.

त्याला भारतात काम करायला कोणाचा परवाना लागत नाही, हा भारतीय नागरिक आहे. तरी प्रश्न सुटला नाही. त्याच्या अमेरिकन कंपनीचं इथे ऑफिस नाही. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार हा आपल्या कायद्यानं भारतात मिळालेला पगार धरतात. करारातून सूट मिळते का ते वेगळं बघावं लागतं. तेव्हा बातम्यांत आलं होतं की एका बड्या अमेरिकन कंपनीनं अशा अडकलेल्यांना भारतातून काम करायला काही आठवडे मुभा दिली, पण कोड लिहायचा नाही, निर्णय घ्यायचे नाहीत, करारावर सही करायची नाही. इंजिनिअरनं कोड लिहायचा नाही, तर मग करायचं काय? लोक हसले. मला हसू आलं नाही. मला आमच्या एचआरच्या मुलीचा फोन आठवला. प्रश्न तोच होता : खुर्ची कुठे आहे?

माझं काय झालं ते सांगून संपवते.

मी चोवीस दिवसांची साठलेली रजा घेतली आणि वर छत्तीस दिवस बिनपगारी मागितले. जागा राखून ठेवल्याचं ईमेलवर लिहून घेतलं. हे लिहून घेणं महत्त्वाचं, तोंडी गोष्टीला काही अर्थ नसतो. हप्त्यांसाठी यांची एक एफडी मोडली. त्या दिवशी मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. कष्टाचे पैसे होते. सोसायटीतल्या एकीनं तर तोंडावर म्हटलं, "एवढी हरिश्चंद्राची मावशी काहून बनली वो? लॅपटॉप नेला असता तर कोण येऊन बघणार होतं?"

व्हिसासाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. बॅगेत डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा, मऊ जुन्या साड्यांची दुपटी. लॅपटॉप बेडरूमच्या कपाटात, साड्यांच्या खाली. दोहामार्गे मँचेस्टरला उतरले.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कशाला आलात? म्हटलं, मुलीचं बाळंतपण आहे. किती दिवस? परतीचं तिकीट? घरी काय करता? म्हटलं, हिशेबाचं काम करते. मग आता ते काम कोण करतंय? मी म्हटलं, मी रजेवर आहे, माझी सहकारी करतेय. बाई हसल्या आणि शिक्का मारला.

एवढंच झालं. कायद्यानं तर मी "हो, थोडं कामही करणार आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या बॅगेत कंपनीनं नाही म्हटलेला लॅपटॉप असता, तर त्या साध्या प्रश्नाला माझा आवाज बदलला असता. मला माहीत आहे. तीस वर्षं हिशेब तपासते आहे, आवाज कुठे बदलतो ते मला कळतं.

पुढचे साठ दिवस मी जे काम केलं त्याला तिथल्या नियमांत काम म्हणत नाहीत. थोड्या काळासाठी आलेल्या आजीनं नातवंड सांभाळलं तर ते चालतं, पगार घेऊन आया म्हणून केलं तर चालत नाही. रात्री दोनला बाळ खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारताना मला हसू यायचं. नागपुरात याच वेळी शिफ्टला जागी असणारी मी इथेही जागीच होते. फक्त ही शिफ्ट बिनपगारी, आणि तिचा थकवा येत नव्हता. जावयाचं ते "रात्री झोपायला मिळेल" पार खोटं ठरलं. दुपारी एक ते दहा लॅपटॉप आणि रात्रभर बाळ, हे मला झेपलंच नसतं. ना धड काम झालं असतं, ना धड बाळंतपण.

परत आले. जागा जाग्यावर होती. एफडी अजून पूर्ण भरून निघालेली नाही. आणि सोसायटीतला तो मुलगा आठ महिन्यांनी दुसरीकडे लागला, कमी पगारावर.

म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नागपुरातल्या छोट्या-मोठ्या कंपनीवाल्यांना : घरून काम करणाऱ्यांची संख्या आता तुमच्याकडेही मोठी आहे. त्यांच्या लेकी-सुना जगभर आहेत. परदेशातून काम चालेल की नाही, चालेल तर कोणत्या देशातून, किती दिवस, कोणाला विचारायचं, हे एका पानावर मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत लिहून नेमणूकपत्राबरोबर द्या. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. पण विचारणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला बक्षीस, अशी व्यवस्था ठेवू नका. आणि बाळंतपण, आजारपण अशा वेळी लांब बिनपगारी रजा मागितली तर जागा राखून ठेवा. तेवढ्यानं निम्मे लोक लॅपटॉप लपवायचे थांबतील.

आणि तुम्हाआम्हाला : तिकीट काढायच्या आधी विचारा. व्हिसाचं विचारा, सीएला विचारा, कंपनीला विचारा, उत्तर लेखी घ्या. नियम बदलत राहतात, म्हणून माझ्या पोस्टवर विसंबू नका, त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर त्या दिवशी बघा. भाच्याच्या मित्राचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड हा नियम नसतो.

नात आता बसायला लागून उभीही राहते. व्हिडिओ कॉलवर मी शिफ्टच्या टेबलावर दिसले की स्क्रीनला हात लावते. पुढच्या वर्षी तेच लोक इकडे येणार आहेत. जावई म्हणतो, "आई, मी महिनाभर तुमच्याकडूनच काम करेन."

मी म्हटलं, "या बापू. पण आधी कंपनीला विचारून या."